लॅपटॉपची सीमॉस बॅटरी नेमकी असते कुठे? घरी बदलता येते का?

सांगलीची_मुक्ता (शनिवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. बाबांच्या लॅपटॉपबद्दल विचारायचं आहे. २०१५ साली घेतलेला, पंधरा इंची. बाबा निवृत्त झाल्यापासून सोसायटीचे हिशेब आणि आमच्या कुळाची वंशावळ, दोन्ही त्याच्यावरच करतात. तीन महिन्यांपासून रोज सकाळी सुरू केला की काळ्या पडद्यावर ओळ येते, तारीख-वेळ तपासा, पुढे जायला एफ१ दाबा. दाबलं की विंडोज सुरू होतं, पण घड्याळात १ जानेवारी २०१५. मग बँकेची साइट उघडत नाही, वीजबिलाची उघडत नाही, सगळीकडे 'कनेक्शन सुरक्षित नाही'. तारीख हाताने बदलली की दिवसभर काही तक्रार नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा २०१५.

एका दुकानात दाखवला. दहा मिनिटं आत नेला आणि "मदरबोर्ड गेलाय, साडेआठ हजार लागतील, त्यापेक्षा नवीनच घ्या" म्हणाले. बाबा काही बोलले नाहीत, पण घरी येईपर्यंत पिशवी छातीशी धरून बसले होते.

मावसभाऊ म्हणतो सीमॉस बॅटरी, म्हणजे आतलं घड्याळ चालू ठेवणारा छोटा सेल, संपली असेल. म्हणून काल खालचं झाकण उघडलं. बॅटरी दिसली, रॅम दिसली, हार्डडिस्क, पंखा दिसला. रुपयाच्या नाण्यासारखा तो सेल कुठेच नाही! मग तो असतो कुठे? आणि मला जमेल का?

खटपट्या (रात्री ९:५२)

मदरबोर्ड गेलेला लॅपटॉप दिवसभर सुरळीत चालत नाही. साडेआठ हजार खिशातच ठेवा.

गारवा (रात्री १०:०५)

तुमचे बाबा रोज सकाळी दहा वर्षांनी तरुण होतायत, असा लॅपटॉप कोण दुरुस्त करतं!

पण खरंच, आमच्याकडेही हेच झालं होतं. सेल बदलला, संपलं.

सोल्डर_अण्णा (रात्री १०:३१)

मुक्ताताई, आधी दोन प्रश्न. लॅपटॉपची मुख्य बॅटरी किती टिकते? आणि बाबा रात्री चार्जरची पिन काढून ठेवतात का?

सांगलीची_मुक्ता (रात्री १०:३८)

अण्णा, मुख्य बॅटरी दोन वर्षांपूर्वीच गेली. पिन काढली की लॅपटॉप बंद. आणि हो, बाबा झोपण्याआधी घरातली सगळी बटणं बंद करून, पिन काढून, वायर गुंडाळून ठेवतात. तुम्हाला कसं कळलं?

सोल्डर_अण्णा (रात्री ११:१०)

वीस वर्षं हेच काम करतोय. ज्या घरात वडीलधारी माणसं बटणं बंद करतात तिथूनच हे लॅपटॉप येतात. त्यांचं चुकत काहीच नाही, पण गोम त्यातच आहे.

मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं. त्याचं स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतं. ही संख्या म्हणजे २ चा १५ वा घात, त्यामुळे १५ वेळा निम्मं करत गेलं की बरोबर एक सेकंद मिळतो. लॅपटॉप बंद असला तरी हे घड्याळ चालूच राहावं लागतं. चार्जर लावलेला असेल किंवा मुख्य बॅटरीत जीव असेल तर त्याला तिथून वीज मिळते. दोन्ही नसतील तेव्हाच तो नाण्याएवढा सेल कामाला येतो. तुमच्याकडे मुख्य बॅटरी मेलेली, रात्री पिन काढलेली. म्हणजे दोन वर्षं रोज रात्री आठ-नऊ तास सगळा भार त्या सेलवर. तो संपला, घड्याळ थांबलं, आणि सकाळी बायोसने, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमने, स्वतःची ठरलेली सुरुवातीची तारीख लावली.

घरातल्या घरात खात्री करून घ्या. आज रात्री पिन काढू नका, बटण चालू ठेवा. उद्या सकाळी तारीख बरोबर आली तर निदान पक्कं.

डब्लिनकर (रात्री ११:२६)

मग रोज पिन लावूनच ठेवायची. झालं काम, उघडाउघडी कशाला?

तंत्रवेडी (रात्री ११:४०)

@डब्लिनकर, तुमच्याकडे दिवे जात नसतील. सांगलीत पावसाळ्यात जातात. एकदा दिवे गेले की पुन्हा २०१५.

बँकेची साइट का उघडत नाही तेही सांगते. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं असतं. लॅपटॉपच्या मते आज २०१५ आहे आणि प्रमाणपत्र गेल्या काही महिन्यांतलं, म्हणजे अजून वैध झालेलंच नाही! ब्राउझर त्याचं काम चोख करतोय. मोबाइलवर सहा आकडी कोड तयार करणारी अ‍ॅप्स असतात, त्यांचंही तसंच: लॅपटॉपवर असं काही चालवत असाल तर चुकीच्या वेळेला तयार झालेला कोड पलीकडे चालत नाही.

सांगलीची_मुक्ता (रात्री ११:४८)

पण विंडोज इंटरनेटवरून वेळ आपोआप घेतं ना? मग हे रोज हाताने का करावं लागतं?

तंत्रवेडी (रात्री ११:५९)

घेतं, पण त्यालाही मर्यादा आहे. घरगुती मशीनमध्ये मूळ सेटिंग ५४,००० सेकंदांचं असतं, म्हणजे १५ तास. फरक त्याहून मोठा असला तर विंडोजची वेळ-सेवा आपणहून दुरुस्ती करत नाही, काहीतरी गडबड आहे असं समजून सोडून देते. तुमचा फरक कित्येक वर्षांचा.

विदर्भवीर (रविवार, सकाळी ७:१५)

माझंही घड्याळ रोज चुकतं, पण बरोबर साडेपाच तास मागे. माझाही सेल गेला का?

तंत्रवेडी (सकाळी ७:४४)

नाही! तुमच्या लॅपटॉपवर विंडोजबरोबर लिनक्सही आहे का? लिनक्स त्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं, विंडोज तिथे स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून विंडोजमध्ये नेमकी साडेपाच तास मागची दिसते. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगा. सेल मेला की वेळ अशी मोजूनमापून चुकत नाही, थेट जुन्या तारखेला जाऊन बसते.

विदर्भवीर (सकाळी ७:५१)

आहे, उबुंटू आहे! दोन वर्षं मी रोज घड्याळ पुढे करत होतो. ताई, नागपूरला आलात की संत्री माझ्याकडून.

सांगलीची_मुक्ता (सकाळी ८:२०)

अण्णा, रात्री पिन ठेवली. सकाळी तारीख बरोबर! एफ१ पण नाही. बाबा म्हणाले, "म्हणजे याचं डोकं ठीक आहे." आता सेल कुठे शोधू?

सोल्डर_अण्णा (सकाळी ९:३०)

आता खरी गोष्ट. डेस्कटॉपमध्ये तो सेल उघडा, चकचकीत, मधोमध दिसतो. लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा काळ्या किंवा पिवळ्या प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळलेला असतो, म्हणून नाण्यासारखा दिसतच नाही. कापडी चिकटपट्टीचा फुगीर तुकडा वाटतो. त्यातून एक लाल आणि एक काळी अशा दोन बारीक वायरी निघतात आणि दोन पिनांच्या पांढऱ्या सॉकेटमध्ये जातात. सेल शोधू नका, त्या वायरी शोधा. लाल-काळी जोडी मदरबोर्डच्या कडेवरून कुठे गुडूप होते ते बघा.

जागा प्रत्येक मॉडेलची वेगळी. काहींत रॅमच्या शेजारी, काहींत हात टेकवतो त्या भागाखाली, काहींत कीबोर्डखाली, तर काहींत मदरबोर्ड उलटा केल्याशिवाय दिसत नाही. एखाद्यात सेल बोर्डाला डागलेला असतो. आणि हल्लीच्या पातळ लॅपटॉपमध्ये कधी वेगळा सेल नसतोच, घड्याळ मुख्य बॅटरीवर चालतं. मॅकबुकमध्ये तसंच आहे. २०१५ च्या पंधरा इंचीत बहुधा असणार.

अंदाजाने उघडू नका. पोटाखालच्या लेबलवर मॉडेल क्रमांक आहे, तो घेऊन कंपनीच्या साइटवर सर्व्हिस मॅन्युअल शोधा. ते फुकट मिळतं. फक्त त्यात 'सीमॉस' शब्द शोधत बसू नका. डेलच्या पुस्तिकेत त्याला 'कॉइन-सेल बॅटरी' म्हणतात, एचपीच्या 'आरटीसी बॅटरी', थिंकपॅडच्या जुन्या पुस्तिकांत 'बॅकअप बॅटरी'. निम्मे लोक इथेच अडकतात.

खटपट्या (सकाळी १०:०२)

अण्णांना साष्टांग. वाचनखूण साठवली.

मी केलेली चूक सांगतो, तुम्ही करू नका. सगळे स्क्रू एका वाटीत टाकले होते. परत बसवताना लांब स्क्रू आखूड भोकात गेला आणि आतल्या बोर्डाला टेकला. एक यूएसबी कायमचं गेलं. आता मी कागदावर लॅपटॉपची पाठ काढतो आणि जो स्क्रू जिथला तिथे चिकटपट्टीने लावतो. रबरी पायांखालीही स्क्रू लपलेले असतात. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका, कुठेतरी एक राहिलेला असतो. फटीत घालायला जुनं एटीएम कार्ड उत्तम.

निवृत्त_कॅशियर (सकाळी १०:४५)

हा धागा वाचून जुने दिवस आठवले. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत बॅटरीवर चालणारं घड्याळच नव्हतं. सुरू केला की रोज तारीख टाइप करायची. १९८४ च्या पीसी-एटीपासून घड्याळ आणि बॅटरी आली. त्या घड्याळाची चिप मोटोरोलाची, आणि त्यात वर्षाला दोनच अंक. पुढे २००० साल १९०० समजलं जाईल म्हणून सगळ्या जगाला जो घोर लागला त्याचं एक टोक तिथेही होतं. ३१ डिसेंबर १९९९ ला आमच्या शाखेत आम्ही सात जण रात्री थांबलो होतो. बारा वाजून एक मिनिटाने साहेबांनी पहिलं मशीन सुरू केलं, ०१-०१-२००० दिसलं आणि शिपायाने आणलेले पेढे वाटले. मुक्ताबाई, तुमच्या वडिलांची घालमेल मला कळते. त्यांना माझा नमस्कार सांगा.

सांगलीची_मुक्ता (सकाळी ११:०३)

काका, बाबांना वाचून दाखवलं. तेही त्या रात्री कचेरीत होते म्हणाले. नमस्कार पोचला.

सेकंडहँड_सम्या (सकाळी ११:३०)

जरा वेगळा प्रश्न. वापरलेला लॅपटॉप घेतला, त्याला बायोस पासवर्ड आहे. हा सेल काढून ठेवला की पासवर्ड जातो म्हणतात, खरं का?

सोल्डर_अण्णा (दुपारी १२:१०)

जुन्या डेस्कटॉपमध्ये जायचा. लॅपटॉपमध्ये पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो, तिला वीज नसली तरी तो तसाच राहतो. ज्याच्याकडून घेतला त्यालाच विचारा. तो सांगत नसेल तर पैसे परत मागा, चोरीचा माल निघायला नको.

तपकीर_गल्ली (दुपारी १२:४०)

सेल घेताना आवरणावरचा क्रमांक बघूनच घ्या. सीआर२०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर२०१६ तेवढाच रुंद पण १.६ जाड, त्यामुळे साठवणही निम्म्याहून कमी. सीआर१२२० आणखी लहान. तिन्ही ३ व्होल्टचे. जाड सेल कोंबला तर झाकण फुगतं.

आणि जपून: काही लॅपटॉपमध्ये एमएल१२२० सारखे 'एमएल' सेल असतात. ते रिचार्ज होणारे. दिसायला सारखेच, पण त्यांच्या जागी सीआर लावला तर बोर्ड त्याला चार्ज करायला बघतो. सीआर त्यासाठी बनलेला नाही, फुगतो, फुटूही शकतो. एमएल असेल तर एमएलच.

पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला वायरीसकट तयार सेल मिळतो. सांगलीत नाही मिळाला तर ऑनलाइन मागवा.

डब्लिनकर (दुपारी १:१५)

साधा सेल घेऊन जुन्या वायरी त्यालाच डागल्या तर? स्वस्तात होईल.

सोल्डर_अण्णा (दुपारी १:२२)

नको! सेलच्या अंगावर तापलेली सोल्डर गन टेकवायची नाही. आतला द्रव तापतो, सेल फुटून डोळ्यात जाऊ शकतं. कारखान्यात पत्र्याच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने लावतात. पन्नास-शंभर रुपयांसाठी डोळे पणाला लावू नका.

कोकणकन्या_७ (दुपारी २:०५)

रत्नागिरीहून. आमच्या इथल्या हवेत त्या पांढऱ्या सॉकेटच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. नवीन सेल लावूनही तारीख जायची, तेव्हा कळलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जुना टूथब्रश बुडवून हलक्या हाताने घासलं, वाळू दिलं आणि झालं.

आणखी एक, कळकळीने सांगते. घरात लहान मूल असेल तर जुना सेल टेबलावर ठेवू नका. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. शंका आली तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल. माझ्या नणंदेच्या मुलाच्या बाबतीत आम्ही तेवढ्यावर वाचलो. जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळून ई-कचऱ्यात द्या.

सांगलीची_मुक्ता (दुपारी २:३०)

कोकणकन्या, भाचा साडेतीन वर्षांचा आहे. हे सांगितलंत ते फार बरं केलंत. तो दुपारी झोपला की मगच उघडीन. मॅन्युअल मिळालं, त्यात 'कॉइन-सेल' असंच आहे, हात टेकवतो त्या भागाखाली. सीआर२०३२ वायरीसकट मागवला.

तंत्रवेडी (दुपारी ३:१०)

उघडण्याआधी: बायोसमधल्या सेटिंगच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी वहीत लिहून घ्या. बायोसची सेटिंग मूळपदावर गेली की विंडोज ती ४८ आकडी की मागू शकतं, तेव्हा ती त्याच लॅपटॉपमध्ये ठेवलेली असून उपयोग नाही.

सांगलीची_मुक्ता (गुरुवार, सायंकाळी ६:५५)

झालं!! पण सरळ नाही झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

लॅपटॉप पूर्ण बंद केला, पिन काढली, मुख्य बॅटरी काढली, पॉवरचं बटण वीस सेकंद दाबून धरलं. बाबा कागदावर पाठ काढून बसले होते. मी स्क्रू काढायचे, त्यांनी चिकटवायचे आणि शेजारी पेन्सिलने आकडा घालायचा. कीबोर्ड उचलला, त्याची चपटी पट्टी जिथे जाते तिथलं काळं पापुद्र्यासारखं झाकण नखाने वर केलं, मग पट्टी आपोआप सुटली. हात टेकवायचा भाग निघाला. आणि टचपॅडच्या डावीकडे काळा फुगीर तुकडा! परवा खालून उघडलं तेव्हा त्याच्या वायरींचं टोक दिसलं होतं, मला ती स्पीकरची वाटली.

शेजारच्या काकांचा मल्टिमीटर आणला होता. जुना सेल ०.९ व्होल्ट. नवीन ३.२.

सॉकेटमध्ये बसवणार, इतक्यात बाबा म्हणाले, "थांब, जुन्याचा लाल उजवीकडे होता, याचा डावीकडे आहे." मी नुसती खाच बघत होते, खाच दोन्हींची सारखीच. तशीच लावली असती तर उलटी वीज गेली असती.

सोल्डर_अण्णा (सायंकाळी ७:०४)

बाबांना दंडवत. हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं, मनापासून माफी मागतो. वेगवेगळ्या कारखान्यांचे सेल येतात, कनेक्टर सारखा पण लाल-काळी उलटसुलट. नेहमी जुना आणि नवा शेजारी ठेवून बघायचं. मग काय केलंत?

सांगलीची_मुक्ता (सायंकाळी ७:२०)

अण्णा, माफी कसली, तुमच्यामुळेच इथवर आलो. काकांनी दाखवलं. पांढऱ्या कनेक्टरच्या अंगावर दोन बारीक खिडक्या असतात, त्यात प्लास्टिकची जिभ. शिवणाच्या सुईने ती केसभर उचलली की वायर पिनेसकट मागे सरकते. दोन्ही बाहेर काढल्या, त्यांची टोकं एकमेकींना लागू दिली नाहीत, आणि अदलाबदल करून परत आत ढकलल्या, 'टक्' आवाज येईपर्यंत. मग मीटरने पुन्हा तपासलं. आवरण जुन्या जागी चिकटवलं. सगळे स्क्रू कागदावरून जागेवर, एकही उरला नाही.

पहिल्यांदा सुरू केल्यावर एकदा एफ१ मागितलं, बायोसमध्ये तारीख भरली. रात्री बाबांनी नेहमीप्रमाणे पिन काढली, वायर गुंडाळली. आज सकाळी बरोबर तारीख, बरोबर वेळ. बाबांनी सगळ्यात आधी वीजबिल भरलं.

खटपट्या (सायंकाळी ७:२८)

वा वा! सुईची युक्ती लिहून घेतली.

गारवा (सायंकाळी ७:३३)

बाबा पुन्हा वयात आले म्हणायचे. अभिनंदन!

विदर्भवीर (सायंकाळी ७:५०)

+१. संत्री सांगलीलाही पाठवतो.

सांगलीची_मुक्ता (रात्री ८:१५)

आता एकच राहिलंय. ज्या दिवशी बाबा तारीख दुरुस्त करायला विसरले, त्या दिवशीच्या हिशेबाच्या फाइलींवर जानेवारी २०१५ पडली आहे. यादीत त्या सगळ्यात तळाशी जाऊन बसल्यात. काही करता येईल का?

तंत्रवेडी (रात्री ८:४०)

करता येईल, पण आधी एक महत्त्वाचं. पेनड्राइव्हवर तारखा बघून बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते आत्ता चालवू नका. नवीन फाइलवर २०१५ आहे, त्यामुळे ते जुनी प्रत 'जास्त नवी' समजून नवीनवर टाकेल. आधी त्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये हाताने कॉपी करा. मग पॉवरशेलमधून (विंडोजमध्ये आज्ञा टाइप करायची खिडकी) एकेका फाइलची तारीख बदलता येते, ती ओळ तुम्हाला निरोपातून पाठवते. फक्त प्रत्येकीची खरी तारीख माहीत हवी.

सांगलीची_मुक्ता (रात्री ९:०५)

ती आहे! आत्ता बाबांनी कपाटातून वही आणली. घड्याळाचा भरवसा नाही म्हणून तीन महिने रोज त्यांनी फाइलीचं नाव आणि खरी तारीख पेनाने लिहून ठेवलीय, शेजारी वेळसुद्धा. ४३ फाइली आहेत. तंत्रवेडीताई, ओळ पाठवा, ते वाचून दाखवतील, मी टाइप करते.